पुढच्या अंगणातले उंच वाफे: तोडणीनंतरही भरलेले दिसावेत म्हणून

पहिल्या वर्षी मी फाटकाशेजारच्या उंच वाफ्यात, म्हणजे चारी बाजूंनी कड बांधून आत माती भरलेल्या वाफ्यात, बारा लाल कोबी लावले होते. पानांवर ती निळसर-जांभळी साय, सकाळी त्यावर दवाचे थेंब. येणारा-जाणारा थांबून बघायचा. मग आठवडाभरात सगळे गड्डे एकदम तयार झाले, मी ते कापले आणि फाटकाशेजारी उरले बारा खुंट आणि उघडी माती. परसात हे चालून जातं, तिथे बघायला येतो कोण? पुढच्या अंगणात मात्र तो बोडका वाफा सहा आठवडे माझ्याकडे आणि सगळ्या गल्लीकडे बघत राहिला.

फुलझाडांच्या वाफ्यात आणि खाण्याच्या वाफ्यात फरक हाच. फुलझाडांना आपण हात लावत नाही. खाण्याची झाडं आपण कापतो, खुडतो, उपटतो. त्यामुळे सुंदर दिसणाऱ्या भाज्या निवडणं हे अर्धंच काम झालं. तोडणीनंतर पडणारी भोकं कोण भरणार, हे लावणीच्या आधीच ठरवलेलं असलं पाहिजे. खाली जे सांगतो आहे ते सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

आधी ऊन आणि जागा

एक मोकळा दिवस काढा आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर दोन तासांनी अंगणात कुठे ऊन आहे, कुठे सावली, ते कागदावर टिपा. टोमॅटो, मिरची, वांगी, भेंडी अशा फळ धरणाऱ्या झाडांना रोज सहा ते आठ तास थेट ऊन लागतं. पालेभाज्यांचं चार तासांवर भागतं; कडक उन्हाच्या दिवसांत दुपारची सावली त्यांना उलट मानवते.

पुढच्या अंगणाची एक खास अडचण म्हणजे मागे उभं असलेलं घर. रस्त्यावरून बघणाऱ्याला उंच झाडं मागे, घराच्या बाजूला, आणि बुटकी पुढे अशी मांडणी छान दिसते. उत्तर गोलार्धात अंगण दक्षिणेकडे तोंड करून असेल तर प्रश्नच नाही: उंच झाडं उत्तरेला येतात आणि त्यांची सावली कुणावर पडत नाही. अंगण उत्तरेकडे असेल तर मात्र घराची सावली आधीच वाफ्यावर असते, त्यात घराकडच्या उंच झाडांची भर पडते. अशा ठिकाणी मागे दाट झुडूप लावू नका. एखादी विरळ वेल चढवा आणि पुढचा सगळा वाफा पालेभाज्यांना द्या. दक्षिण गोलार्धात हेच सगळं उलट करून वाचायचं.

गाडी आत-बाहेर करण्याच्या कोपऱ्यावर अडीच फुटांपेक्षा उंच काहीही लावू नका. गाडी काढताना पायरस्त्यावरचं मूल दिसलं पाहिजे. घराच्या भिंतीपासून वाफा फूटभर तरी लांब ठेवा. ओली माती भिंतीला टेकली की ओल आणि वाळवी दोन्ही आत येतात. खुंट्या ठोकण्याआधी पाण्याचे, गॅसचे नळ आणि विजेच्या तारा खालून कुठून जातात ते माहीत करून घ्या.

नियमही विचारून ठेवा. सोसायटी, घरमालक किंवा पालिका पुढच्या अंगणाबद्दल काय म्हणते हे लाकूड कापण्याआधी कळलेलं बरं. अमेरिकेत फ्लोरिडातल्या मायामी शोअर्स या गावाने पुढच्या अंगणात भाज्या लावायला बंदी घातली होती. ज्यांना आपली बाग उपटावी लागली त्यांनी कोर्टात अनेक वर्षं घालवली आणि शेवटी २०१९ मध्ये राज्याने कायदा करून अशा स्थानिक बंद्या रद्द केल्या.

वाफ्याची मापं

दोन्ही बाजूंनी हात पोचत असेल तर रुंदी चार फूट, एकाच बाजूने पोचत असेल तर दोन ते अडीच फूट. मी पाच फूट केली होती. मधल्या पट्ट्यातलं तण काढायला दरवेळी मातीत पाय ठेवावा लागायचा, आणि उंच वाफ्याचा निम्मा फायदा तिथेच गेला, कारण या वाफ्यातली माती भुसभुशीत राहते ती कुणी तुडवत नाही म्हणूनच. दोन वाफ्यांमध्ये किमान दोन फूट वाट ठेवा. ढकलगाडी न्यायची असेल तर तीन.

खोली पिकावर ठरते. लेट्युस, पालक, माठ यांना सहा ते आठ इंच पुरतात. टोमॅटो, मिरची, गाजर यांना फूटभर तरी हवी. वाफ्याला तळ नसेल आणि खालची जमीन चांगली असेल तर मुळं आणखी खाली जातातच. मला पुढच्या अंगणात दीड फूट उंची आवडते: कमरेतून कमी वाकावं लागतं आणि वाफा मुद्दाम बांधलेला दिसतो, मातीचा ढीग वाटत नाही.

कडांसाठी वीट, दगड, जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा कुजायला वेळ लागणारं लाकूड, काहीही चालेल. दोन गोष्टी नकोत. रेल्वेचे जुने स्लीपर, कारण त्यांत क्रिओसोट, म्हणजे लाकूड कुजू नये म्हणून वापरलेलं विषारी डांबरी तेल, मुरलेलं असतं. आणि कुठून उचललं ते माहीत नसलेलं जुनं हिरवट लाकूड, कारण त्यावर आर्सेनिक असलेल्या औषधाची प्रक्रिया झालेली असू शकते. लाकडी फळी दोन इंच जाडीची घ्या आणि लांब बाजूला दर चार फुटांवर आतून खुंटी किंवा आडवी पट्टी द्या. ओल्या मातीचं वजन कमी लेखू नका. पहिल्या मोठ्या पावसानंतर फळी पोट काढून बाहेर येते आणि मग ती परत आत जात नाही.

फळी बसवताना पाणसळ लावा. परसातला वाफा थोडा तिरका असला तरी चालतो. घराच्या दर्शनी भिंतीच्या सरळ रेषांपुढे इंचभराचा उतारही लांबून डोळ्यांत खुपतो.

माती

आठ फूट लांब, चार फूट रुंद, एक फूट खोल अशा वाफ्याला बत्तीस घनफूट, म्हणजे सुमारे ९०० लिटर माती लागते. चाळीस लिटरच्या पिशव्या घेतल्या तर बावीस-तेवीस. हा आकडा आधी काढला नाही की वाफा निम्माच भरून राहतो.

साधारण साठ टक्के चांगली पोयट्याची माती, तीस टक्के पूर्ण कुजलेलं कंपोस्ट, उरलेल्या दहा टक्क्यांत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा पर्लाइट (माती हलकी ठेवणारे पांढरे खनिज दाणे). कंपोस्टच जास्त घातलं की चांगलं, हा समज सोडा. नुसत्या कंपोस्टचा वाफा वर्षभरात खचतो आणि पाणीही धड धरत नाही. ताजं शेण किंवा लीद थेट घालू नका. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत, मातीला टेकणाऱ्या पिकासाठी कच्चं शेण घालणं आणि तोडणी यांत किमान १२० दिवसांचं अंतर लागतं, आणि घरच्या वाफ्यातही तो हिशेब सोडू नये.

बाहेरून आणलेल्या खताची एक सोपी परीक्षा आहे. दोन कुंड्यांत ते खत मातीत मिसळून घाला, तिसरीत नुसती माती, आणि तिन्हींत चार-चार घेवड्याचे दाणे टोका. तीन आठवड्यांत खताच्या कुंड्यांतली पानं वाटीसारखी वळली, शेंडे पिळवटले आणि तिसऱ्या कुंडीतली सरळ राहिली, तर त्या खतात तणनाशकाचा अंश आहे. ते वाफ्यात जाऊ देऊ नका.

हिरवळीवर वाफा करत असाल तर गवत उकरायची गरज नाही. चिकटपट्टी काढलेले पुठ्ठे दोन थरांत, कडा एकमेकांवर चढवून अंथरा, भिजवा आणि वर माती टाका. जुन्या घराच्या भिंतीलगत किंवा वर्दळीच्या रस्त्याकडेला मात्र आधी जमिनीची शिशासाठी तपासणी करून घ्या. जुन्या रंगाचे पापुद्रे आणि शिसं घातलेल्या पेट्रोलचा धूर, दोन्हींचं शिसं मातीत वर्षानुवर्षं टिकून राहतं. तिथे वाफ्याची उंची वाढवा, माती बाहेरची भरा आणि वाटांवर आच्छादन टाका, म्हणजे धूळ पानांवर उडणार नाही.

भरल्यावर पाणी देऊन आठवडाभर माती बसू द्या. लावणीच्या दिवशी वाफसा आहे का ते मुठीत बघा: मूठ दाबली की गोळा व्हावा आणि बोटाने टोकरला की फुटावा. गोळ्यातून पाणी गळत असेल तर थांबा.

रोपं चार गटांत

बियाण्याच्या यादीतले फोटो बघून निवड केली की हमखास कोबीची चूक होते. फोटो तोडणीच्या आदल्या दिवशीचा असतो. त्यामुळे मी रोपं रंगावर निवडत नाही. काढल्यावर किती मोठं भोक पडेल, हे आधी बघतो.

पहिला गट कायम राहणाऱ्यांचा: सुवासिक पानांची रोझमेरी, थाईम, सेज, ओरेगॅनो, कांद्यासारखी पात आणि जांभळ्या गोंड्यांची फुलं देणारी चाइव्ह, छोटी स्ट्रॉबेरी. यांच्यावर वाफ्याचा आकार उभा राहतो. फ्रान्समधल्या विलांद्री इथे जोआकिम कार्व्हालो यांनी १९०६ मध्ये जुना वाडा विकत घेऊन जी भाज्यांची बाग उभी केली, तिची युक्ती हीच आहे. नऊ सारखे चौकोन, प्रत्येकात वेगळी नक्षी आणि प्रत्येकाला बुटक्या कापलेल्या झुडपांची कड. भाज्या वर्षातून दोनदा बदलतात, कडा जागच्या जागी राहतात, त्यामुळे मधली जागा रिकामी असली तरी बाग उजाड वाटत नाही. आपल्याला खाता न येणारं झुडूप लावायची गरज नाही. थाईम किंवा चाइव्हची सलग कड तेच काम करते. पुदिना मात्र या कडेत नको. तो कुंडीत ठेवा, नाहीतर दोन वर्षांत सगळा वाफा त्याचा होतो.

दुसरा गट खुडीचा, आणि पुढच्या अंगणाचा खरा कणा हाच. पालकासारखा पण रंगीत देठांचा चार्ड, सुट्या पानांचं लेट्युस, कोबीच्या घराण्यातला पण गड्डा न धरणारा केल, लाल माठ, तुळशीच्या जातकुळीचं बेसिल. यांची बाहेरची पानं घ्यायची, गाभा ठेवायचा. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त पानं काढली नाहीत तर रस्त्यावरून तोडणी झाल्याचं कळतही नाही. चार्डचं पान कात्रीने मधे कापू नका, खुंट उरतो आणि कुजतो. देठ बुडाशी धरून किंचित पिळून बाहेर ओढा. बेसिलचा शेंडा पानांच्या जोडीच्या जरा वर खुडला की तिथून दोन फुटवे येतात; माठाचा शेंडा खुडला की त्यालाही बाजूने फुटवे येतात. दोनदा खुडलेलं बेसिल गोल झुडूप होतं, न खुडलेलं काडीसारखं वाढून तुऱ्यावर येतं.

तिसरा गट फळांचा: मिरची, वांगी, चेरी टोमॅटो, लाल भेंडी, लाल अंबाडी. फळं एक-एक करून निघतात, झाड उभं राहतं. यांत माझा पक्षपात मिरचीकडे आहे. बुटकी, दाट, आणि एकाच झाडावर हिरवी, जांभळी, केशरी, लाल अशा सगळ्या टप्प्यांतली फळं. काळसर पानांच्या ‘ब्लॅक पर्ल’ या वाणाला २००६ मध्ये, नव्या वाणांची चाचणी घेणाऱ्या ऑल अमेरिका सिलेक्शन्स या संस्थेचा पुरस्कार मिळाला तो शोभेचं झाड म्हणून. त्या गोल काळ्या मण्यांसारख्या मिरच्या खाता येतात, पण जपून, चांगल्याच तिखट असतात. टोमॅटो पुढच्या अंगणात लावायचा तर ठेंगणा, झुडपी वाण घ्या. उंच वाढणारे टोमॅटो शेवटी शेवटी खालून पिवळे पडतात आणि काठ्यांवर लोंबकळत राहतात. ते परसातच बरे.

चौथा गट एकदाच निघणारा: कोबी, फ्लॉवर, गाजर, बीट, मुळा, कांदा. सोडून द्या म्हणत नाही, पण एकत्र लावू नका. दोन-दोन, तीन-तीन असे खुडीच्या झाडांमध्ये विखरून आणि दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने. आज मला कोबी हवा असतो तेव्हा मी आठ फुटी वाफ्यात तीनच लावतो आणि प्रत्येकाभोवती लेट्युसचं कडं करतो. गड्डा निघेपर्यंत लेट्युस ती जागा झाकायला पसरलेलं असतं.

वेल हवी असेल तर कमानीवर जांभळ्या शेंगांचा वाल किंवा लाल फुलांचा रनर घेवडा चढवा. दोन्हींचे पक्के दाणे कच्चे खायचे नसतात. रनर घेवड्याचे दाणे भिजवून पाणी ओतून द्यायचं आणि नव्या पाण्यात खळखळून उकळायचे.

फुलांमध्ये नॅस्टर्शियम, कॅलेंडुला, व्हायोला. नॅस्टर्शियमची पानं आणि फुलं दोन्ही चवीला तिखटसर लागतात, आणि ते कडेवरून खाली लोंबल्यामुळे फळ्यांचा कोरडेपणा झाकला जातो. खाण्याची फुलं बियांपासून वाढवा. रोपवाटिकेतली शोभेची रोपं आणि शोभेचा केल यांच्यावर खाद्यपिकाला न चालणारी औषधं मारलेली असू शकतात. आणि एक पक्का नियम: खाण्याच्या वाफ्यात विषारी शोभेचं झाड नको. कण्हेर, धोतरा, घाणेरी, फॉक्सग्लव्ह, इतकंच काय, सुवासिक फुलांचा स्वीट पीसुद्धा नको, कारण त्याच्या शेंगा मटारसारख्या दिसतात आणि बिया विषारी असतात. लहान मुलाला हा वाफा खायचा आणि हा बघायचा हे कळत नाही.

रंग आणि मांडणी

जांभळ्या पानांचं मला वेड होतं. पूर्ण जांभळ्या बेसिलची एक ओळ लावली, जवळून मखमल. रस्ता ओलांडून पलीकडून बघितलं तर तिथे काहीच नव्हतं, काळ्या मातीवर काळा डाग. गडद पान गडद मातीवर हरवतं. त्याच्या मागे किंवा भोवती पोपटी लेट्युस किंवा राखाडी सेज आलं की तेच पान उठून दिसतं. मातीवर पिवळसर पेंढ्याचं आच्छादन घातलं तरी बराच फरक पडतो. म्हणून मांडणी करताना रोपं कुंड्यांसकट वाफ्यावर ठेवा, रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहा, परत येऊन हलवा. हे पाच-सहा वेळा करा. शेजारी हसतील, हसू द्या.

चार्डची जागा मी संध्याकाळच्या उन्हावर ठरवतो. उतरतं ऊन बघणाऱ्याच्या समोरून, पानांच्या मागून आलं की लाल-पिवळे देठ आतून दिवा लावल्यासारखे दिसतात. तेच ऊन बघणाऱ्याच्या पाठीमागून पडलं तर साधी पालेभाजी.

बाकी नियम थोडे आहेत. एकेक रोप सुटं नको, तीन किंवा पाचाचा पुंजका लावा. दोन वाफे असतील तर एक तरी झाड दोन्हींत येऊ द्या, म्हणजे ते एकमेकांचे वाटतात. अंतर बी-पाकिटावरच्या आकड्यापेक्षा फार कमी करू नका: लेट्युस आठ ते दहा इंच, चार्ड फूटभर, केल आणि मिरची दीड फूट, टोमॅटो दोन फूट. पहिला महिना वाफा विरळ वाटतो. त्या मोकळ्या जागेत मुळा पेरा, तो पंचवीस-तीस दिवसांत निघून जातो आणि तोवर शेजाऱ्यांची पानं भिडलेली असतात.

राखीव रोपं

आता ते बोडक्या वाफ्याचं औषध. घरामागे किंवा गॅलरीत, जिथे चार-पाच तास ऊन येतं तिथे, रोपांचा एक ट्रे कायम चालू ठेवा. दर तीन आठवड्यांनी त्यात थोडं पेरायचं: सहा लेट्युस, चार चार्ड, चार बेसिल, दोन-चार फुलं. सगळी लागतील असं नाही, काही ट्रेमध्येच खाऊन टाकाल. पण ज्या दिवशी वाफ्यातून काहीतरी उपटलं, त्याच दिवशी तिथे तळहाताएवढं रोप गेलं पाहिजे. बी नाही, रोप. बी पेरलं तर महिनाभर तिथे माती दिसते.

रोप लावण्याआधी त्या खड्ड्यात दोन मुठी कंपोस्ट मिसळा आणि लावणी संध्याकाळी करा. ट्रे सावलीत असेल तर आधी आठवडाभर रोज थोडं जास्त ऊन दाखवा, नाहीतर पानं पांढरी पडतात. लेट्युसचं बी तिशीच्या पुढच्या तापमानात उगवायला कुरकुर करतं, तेव्हा ट्रे दोन-तीन दिवस घरात थंड जागी ठेवा आणि कोंब दिसताच उजेडात न्या.

खड्ड्यात काय जाणार हे हंगामावर बघा. गरमी वाढायला लागली की लेट्युस फुलोऱ्यावर येतं, दांडा उंच होतो, पान कडू लागतं. त्या आधीच्या ट्रेमध्ये बेसिल, माठ आणि मिरची तयार हवी. गारवा येताना याच्या उलट. या दोन बदल्यांचे आठवडे कॅलेंडरवर लिहून ठेवा. वाफा बोडका होतो तो याच वेळी.

शिवाय दोन-तीन मोठ्या कुंड्या भरलेल्या ठेवा, कॅलेंडुला किंवा मिरचीच्या. एकाएकी मोठं भोक पडलं, रोगाने झाड गेलं किंवा बॉल येऊन आदळला, की कुंडी तशीच मातीत गळ्यापर्यंत पुरायची. कुणाला कळत नाही.

पाणी, आच्छादन, कीड

आठवड्याला इंचभर पाणी हा सर्वसाधारण हिशेब. चार बाय आठच्या वाफ्याला ते सुमारे ७५ लिटर होतं. उंच वाफे कडांनी तापतात आणि लवकर सुकतात, त्यामुळे उन्हाच्या दिवसांत जास्तच लागेल. बोट दोन इंच खुपसून बघा. कोरडं लागलं तर द्या. ठिबकच्या नळ्या फूटभर अंतराने टाकल्या आणि वर दोन-तीन इंच आच्छादन घातलं की नळ्या दिसत नाहीत आणि पाणीही पानांवर पडत नाही. आच्छादन रोपाच्या बुडाला टेकवू नका.

मावा दिसला तर पाण्याची जोरदार धार पुरते, तीन-चार दिवस लागोपाठ. चार्डच्या पानात नागअळीच्या पांढऱ्या रेघा दिसल्या की ते पान तोडून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नाही. कोबी-केलवर लावणीच्या दिवसापासून बारीक जाळी हवी. जाळी शोभेची गोष्ट नाही, हेही कोबी पुढे कमी लावण्याचं एक कारण.

कुत्री कोपऱ्यावर पाय वर करणारच. रस्त्याकडच्या कोपऱ्यात म्हणून खायची पानं लावू नका, तिथे रोझमेरीचं घट्ट झुडूप ठेवा आणि त्याच्या खालच्या फांद्या वापरू नका. माणसंही हात घालतात. मी पायरस्त्याच्या कडेला चेरी टोमॅटोचं एक झाड त्यांच्या हिशेबात धरतो. आमच्यासाठी दुसरं, घराच्या बाजूला, मिरच्यांच्या मागे असतं.

वर्षाच्या शेवटी माती दोन-तीन इंच खाली बसलेली दिसेल. तेवढं कंपोस्ट वरून पसरा, खणू नका. टोमॅटो, मिरची, वांगी एकाच घराण्यातली आहेत, ती पुढच्या वर्षी दुसऱ्या वाफ्यात न्या. वाफा एकच असेल तर निदान दुसऱ्या टोकाला. आणि ट्रेमध्ये पुढचं लेट्युस पेरलंय ना, ते एकदा बघून या.